उघडत नाहीये, बघतोय

परवा बटाट्याच्या सूपवरून माझं आणि मामांचं वाजलं, आणि घरादाराने मामांची बाजू घेतली. मी अजून घुश्शात आहे.

कृती थोडक्यात सांगतो. बटाट्याच्या साधारण 2 सेंटिमीटरच्या सारख्या फोडी, कांदा, गाजर, लसूण आणि फोडी बुडतील इतका स्टॉक, कारण वर डोकावणाऱ्या फोडी काळ्या पडतात. स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्तास शिजवणारं विजेचं भांडं, 'लो'वर, सात-आठ तास. क्रीम शेवटच्या अर्ध्या तासात. आधी घातलं तर फाटतं. एवढं करून माणसाने तिथून निघून जायचं. हे यंत्र घ्यायचं ते त्यासाठीच.

मामा गेले नाहीत. खुर्ची ओढून कुकरसमोर बसले.

"चालू आहे का हे?"

"आहे."

"आवाज नाही तो?"

"याला आवाज नसतो, मामा."

"शिट्टी?"

"नाही होत."

"मग शिजलं हे कळणार कसं?"

"संध्याकाळी कळेल."

मामांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि झाकण उचललं.

"मामा, झाकण नका ना उघडू!"

"उघडत नाहीये, बघतोय."

"काचेचं आहे ते. वरूनच दिसतं."

"काचेवर वाफ धरलीय. काय डोंबल दिसतंय?"

"वाफ धरलीय म्हणजे आत शिजतंय."

"तेच तर बघतोय, शिजतंय का!"

यावर काय बोलणार? झाकण उचललं की आतली ऊब पळते, ती पुन्हा जमायला वीस-तीस मिनिटं जातात, हे मी सांगितलं. शिवाय 60-70 अंशांच्या आसपास बटाटा फार वेळ रेंगाळला, तर त्यातलं पेक्टिन, म्हणजे पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा पदार्थ, उलट घट्ट होतं आणि मग फोडी लवकर मऊ होत नाहीत, हेही सांगितलं.

"म्हणजे शिजवल्यामुळे बटाटा कच्चा राहतो?" मामांचा चेहरा उजळला. हे मामींना सांगायलाच हवं म्हणून ते उठले. उठताना झाकण उचलून पाहिलं.

या यंत्राचं पेटंट इरव्हिंग नॅक्सन नावाच्या अमेरिकन संशोधकाला 1940 साली मिळालं. कल्पना सुचली ती आईकडून ऐकलेल्या हकिकतीवरून. लिथुआनियातल्या ज्यू घरांत शब्बाथला, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, स्वयंपाक वर्ज्य, म्हणून आदल्या संध्याकाळी भांडं गावच्या बेकरीत ठेवून यायचे आणि विझत्या भट्टीच्या उबेवर ते रात्रभर शिजायचं. या पद्धतीचं यश मला आता नीट समजलंय. भांडं बेकरीत असायचं आणि मामा घरी.

संध्याकाळी फोडी टणकच. 'हाय'वर आणखी तासभर ठेवू म्हटलं, तर सगळ्यांना एकदम भूक लागली. "सरक बाजूला, मी वाचवतो," म्हणत मामांनी हँड ब्लेंडर लावला, तोही चांगला दहा मिनिटं. बटाटा असा घुसळला की स्टार्च सुटून त्याची खळ होते. झालीच. चमचा त्यात उभा राहिला.

"दाट झालंय हो छान," मामी म्हणाल्या. "यांनी वेळेवर हात घातला म्हणून!"

आणि दुसरी वाढणी घेताना कुणीतरी म्हणालं, यात याने काय केलं, यंत्रच तर करतं सगळं. हे मात्र मला लागलं. यंत्र बटाटे सोलत नाही. पहाटे उठून कांदा चिरत नाही. गॅससमोर घामाघूम झालो असतो तर निदान कुणी पाणी तरी विचारलं असतं. इथे बटण दाबलं, म्हणजे सकाळचं सगळं काम वजा. नंतर भांडं घासायलाही यंत्र येत नाही. ते जड सिरॅमिकचं, गरम असताना गार पाणी पडलं तर तडकू शकतं, म्हणून ते निवेपर्यंत जागायचं कुणी? ज्याने काहीच केलं नाही त्याने.

सगळे झोपल्यावर मी ते बाहेर काढून खरवडत होतो, तेव्हा मामा पाणी प्यायला आले आणि थबकले.

"अरे, हे भांडं निघतं? आधी नाही का सांगायचंस! उचलून खालून बघितलं असतं मी, तापतंय का ते."