कुरवांना गाठिया घालू नका

परवा रविवारी संध्याकाळी वाशीच्या जेट्टीवर सहा-सात वर्षांची एक मुलगी सीगलना, म्हणजे कुरवांना, गाठिया टाकत होती. पाखरं हवेतल्या हवेत झेलत होती, आई व्हिडिओ काढत होती. गाठिया संपला आणि रिकामी पिशवी वाऱ्याने थेट खाडीत गेली. मी बोललो. वडील म्हणाले, "अहो काका, भुकेली असतात बिचारी. पुण्यच आहे ना?"

तिथे घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

भुकेली नसतात हो. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या तलावांवरून येतो. (थंडीत त्याचं डोकं पांढरंच असतं, डोळ्यामागे एक काळा ठिपका तेवढा दिसतो.) ओहोटी लागली की आपल्या खाडीच्या चिखलात त्याला किडे, कोळंबी, बारीक मासळी मिळते. तळलेलं, खारट बेसन हे त्याचं अन्न नाही.

आणि ती पिशवी? कुरव हाडं, शिंपल्यांचे तुकडे गोळी करून ओकून टाकतो, त्यात कधी प्लास्टिकही निघतं. शिअरवॉटरसारख्या खोल समुद्रातल्या पक्ष्यांना ते फार अवघड जातं. त्यांच्या जठराचे दोन कप्पे असतात आणि मधली वाट अरुंद, त्यामुळे तुकडे आतच साचतात. ऑस्ट्रेलियाजवळच्या लॉर्ड हाव बेटावरच्या शिअरवॉटरांच्या जठरात प्लास्टिकने घासून घासून व्रण पडलेले सापडले. २०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या आजाराला नावच दिलं, प्लास्टिकोसिस. याच जातीचे पश्चिम ऑस्ट्रेलियातले पक्षी आपल्या अरबी समुद्रापर्यंत येतात.

पॅसिफिकमधल्या मिडवे बेटाचं तर वाचवत नाही. अल्बाट्रॉस या मोठ्या समुद्री पक्ष्याच्या मेलेल्या पिल्लांच्या पोटात बाटल्यांची झाकणं, लायटर. उडत्या माशांची अंडी तरंगणाऱ्या वस्तूंना चिकटलेली असतात, ती खायला आईबाप ती वस्तूच गिळतात आणि घरट्यात येऊन पिल्लाच्या चोचीत ओततात. भरवतानाच मारतात, नकळत.

वाशीच्या पुलावर जाळ्या लावल्यात, तरी गाडी थांबवून निर्माल्याची पिशवी वरून भिरकावणारे रोज दिसतात. फुलं कुजतील, पिशवी ओहोटीबरोबर समुद्रात जाईल. निर्मात्याला वाहिलेल्या फुलांची पिशवी निर्मात्याच्याच पाखराच्या पोटात अशी का पोचवायची? निर्माल्य कलशात टाका, पिशवी घरी न्या.

त्या मुलीचे वडील हे वाचत असतील तर तिला ओहोटीच्या वेळी घेऊन या. मी रविवारी तिथेच असतो, दुर्बीण माझ्याकडे आहे. चिखलातून किडा ओढून काढणारा कुरव तिला दाखवतो.