सी ड्राइव्ह कॉपी-पेस्ट केला की बॅकअप झाला?

सध्या एक निरोप फिरतोय: "बॅकअपला सॉफ्टवेअर कशाला? सी ड्राइव्ह उघडा, सगळं सिलेक्ट करा, एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर पेस्ट करा. विंडोज बिघडलं की तेच उलट पेस्ट करायचं. डिस्क कायम जोडून ठेवा. सिस्टिम रिस्टोअर चालू असेल तर एवढीही गरज नाही." फोटो आणि कागदपत्रांपुरती ही युक्ती चालते. निरोपात मात्र अख्ख्या सिस्टिमची हमी दिली आहे.

"सगळं सिलेक्ट करा" म्हटलं तरी सगळं येत नाही. विंडोज चालू असताना रजिस्ट्रीच्या, म्हणजे त्याच्या सेटिंग्ज साठवणाऱ्या, फाइली त्याच्याच ताब्यात असतात. साध्या कॉपीला त्या मिळत नाहीत. शिवाय संगणक ज्यावरून सुरू होतो तो बूट मॅनेजर यूईएफआय यंत्रांवर (आजचे बहुतेक संगणक याच पद्धतीने सुरू होतात) सी ड्राइव्हमध्ये नसतोच. तो ईएफआय नावाच्या, साधारण 100 एमबीच्या वेगळ्या पार्टिशनमध्ये, म्हणजे डिस्कच्या स्वतंत्र भागात, असतो. त्या पार्टिशनला ड्राइव्हचं अक्षर नसल्यामुळे ते 'धिस पीसी'त दिसतही नाही. विंडोजचे घटक साठवणाऱ्या विनएसएक्सएस फोल्डरमधल्या पुष्कळ फाइली म्हणजे हार्ड लिंक, एकाच फाइलची दोन-दोन नावं. कॉपी करताना त्या सुट्या होतात आणि आकार उगाच फुगतो. कॉपीत फाइलींच्या मूळ परवानग्याही टिकत नाहीत.

आणि उलट पेस्ट करणार कुठून? विंडोज सुरूच होत नसेल तर पेस्टचं बटण दाबायला स्क्रीनवर आहे काय? निरोप लिहिणाऱ्याने हे कधी करून पाहिलेलं दिसत नाही.

यासाठी डिस्क इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल, काढतात. इमेजिंगची साधनं विंडोजच्या शॅडो कॉपी सेवेच्या आधारे चालू ड्राइव्हचं एका क्षणाचं चित्र धरतात आणि लपलेली पार्टिशनंही सोबत घेतात. क्लोनझिला हे साधन तर पेनड्राइव्हवरून बूट होतं, म्हणजे त्या वेळी विंडोज झोपलेलंच असतं. विंडोजमध्येही सिस्टिम इमेजची सोय आहे, पण मायक्रोसॉफ्टने 2017 पासून तिचा विकास थांबवून दुसरी साधनं वापरायला सांगितलं आहे. ती सोय एक्स्टर्नल डिस्कही एनटीएफएस या फॉरमॅटचीच मागते. एफएटी32 या दुसऱ्या फॉरमॅटवर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, हेही लक्षात असू द्या. इमेज परत चढवताना नवी डिस्क जुन्याएवढी किंवा मोठी असलेली बरी, आणि तिच्यावर जे असेल ते पुसलं जाणार हे धरून चाला.

डिस्क कायम जोडून ठेवण्याचा सल्ला सगळ्यात घातक. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, जोडलेल्या ड्राइव्हवरच्या फाइलींनाही कुलूप घालतं. इमेज काढा, तपासा, डिस्क सोडवून बाजूला ठेवा.

सिस्टिम रिस्टोअर विंडोजला आधीच्या स्थितीत नेतं, पण त्या स्थिती जपणारे पॉइंट त्याच ड्राइव्हवर असतात. ड्राइव्ह मेला की तेही गेले. तुमच्या फाइली परत आणणं हे त्याचं कामच नाही. चुकलेलं ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) मागे फिरवायला ते उत्तम.

निरोपात नसलेली एक गोष्ट मी ठेच खाऊन शिकलो. इमेज होती, बूट होणारा पेनड्राइव्ह होता, पण इमेज चढवण्याआधी मेलेल्या विंडोजमधून दोन ताज्या फाइली काढायच्या होत्या. ड्राइव्ह कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या बिटलॉकरने 48 आकडी रिकव्हरी की मागितली. ती मी नीट जपून ठेवली होती, त्याच ड्राइव्हच्या डेस्कटॉपवर. आता ती कागदावर लिहून कपाटात ठेवली आहे.