एक ताऱ्याच्या अभिप्रायाला उत्तर: पत्रकार परिषदेचा सराव आणि फळ्यावरचे मथळे

नमस्कार.

आपल्या साहेबांसाठी आम्ही पत्रकार परिषदेचं सराव सत्र घेतलं, त्याबद्दल आपण चार तक्रारी लिहिल्या आहेत. प्रश्न आधी दिले नाहीत. साहेबांना त्यांच्याच माणसांसमोर कोंडीत पकडलं. फळ्यावर बोचरे मथळे लिहिले. रेकॉर्डिंग सहा दिवसांनी मिळालं, तेही खरखरीत आवाजाचं. यातली शेवटची पूर्ण खरी आहे, दुसरी आणि तिसरी काही अंशी, आणि पहिली आम्हाला मान्य नाही. संस्थेचं नाव किंवा सत्रात कोण काय बोललं, हे इथे येणार नाही. ती गोपनीयता आम्ही लिहून दिलेली आहे.

आधी रेकॉर्डिंगचं. कॉलर माइक लावल्यावर अर्धा मिनिट बोलायला सांगायचं, हेडफोन लावून ऐकायचं आणि मगच प्रश्नोत्तरांची फेरी सुरू करायची, अशी पद्धत आहे. त्या दिवशी ती चाचणी झाली, पण उकाड्यामुळे पंखा नंतर लावला गेला आणि पुन्हा कुणी ऐकून पाहिलं नाही. पंख्याचा वारा थेट माइकवर येत होता. अशी घरघर सॉफ्टवेअरने कमी होते, पण शब्दांची धारही बोथट होते, म्हणून सहा दिवस खटपट करूनही समाधानकारक काही निघालं नाही. कबूल केलेले ४८ तास उलटले तेव्हा फोन करून कळवायला हवं होतं. तेही केलं नाही. दोन्ही चुका आमच्या आहेत.

मागच्या रांगेत आपल्याकडचे ११ कर्मचारी बसले होते. त्यांना बसू द्या, अशी विनंती आपल्याच कार्यालयाची होती, पण नाही म्हणणं आमचं काम होतं. खोलीत संस्थेची तीनच माणसं हवीत: बोलणारा, आकडे माहीत असलेला आणि टिपणं घेणारा. यात मानपानापलीकडचं एक कारण आहे. मागे हाताखालची माणसं बसली की बोलणारा विचारणाऱ्याला उत्तर देत नाही, मागच्या रांगेला देतो. आवाज चढतो, वाक्यं लांबतात, 'माहिती घेऊन सांगतो' हे साधं वाक्य तोंडातून निघत नाही. म्हणजे सराव ज्यासाठी आहे, तेच बिघडतं. साहेबांना जो त्रास झाला त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत.

आता फळा. मथळे लिहिण्याचं आम्ही थांबवणार नाही, म्हणून ते का लिहितो हे नीट सांगतो. प्रत्येक फेरी १२ मिनिटांची असते. ती संपली की पत्रकार म्हणून प्रश्न विचारणारे आमचे चौघे एकमेकांशी न बोलता कागदावर एकेक मथळा लिहितात. अट एकच: मथळ्यातला मजकूर बोलणाऱ्याच्या तोंडचाच हवा. हे चार मथळे फळ्याच्या डाव्या बाजूला जातात. उजव्या बाजूला जातो तो मथळा, जो बोलणाऱ्याने फेरीआधीच लिहून बंद पाकिटात दिलेला असतो, म्हणजे 'उद्या हे छापून यावं' असं त्याला वाटतं ते. दोन्ही बाजूंत जेवढं अंतर, तेवढं काम बाकी. आपल्याला बोचलं ते हे अंतर असावं. मात्र जेवणाच्या सुट्टीत फळा पुसायचा राहिला आणि येणाजाणाऱ्यांनी तो वाचला, ही आमची चूकच.

उदाहरणादाखल आमचा नेहमीचा काल्पनिक प्रसंग घ्या: बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये रात्री अमोनियाची गळती. प्रश्न येतो, 'निष्काळजीपणामुळे हे घडलं ना?' तोंडून पटकन निघतं, 'आमचा काहीही निष्काळजीपणा नाही.' मथळा तयार: 'निष्काळजीपणा नाही, व्यवस्थापनाचा दावा'. शब्द विचारणाऱ्याचा, पण छापला जातो आपल्या नावावर. १७ नोव्हेंबर १९७३ ला अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन संपादकांसमोर म्हणाले, 'मी भामटा नाही.' पन्नास वर्षं झाली, लोकांना त्यातला 'भामटा'च आठवतो. त्याऐवजी असं बोलता येतं: 'सहा कामगार रुग्णालयात आहेत, त्यांच्या घरच्यांना कळवलं आहे. ११ वाजून ४० मिनिटांनी वास आला, ११ वाजून ५२ मिनिटांनी व्हॉल्व्ह बंद केला. कारण शोधायचं काम सुरू आहे. संध्याकाळी ५ वाजता पुढची माहिती देऊ.' माणसं आधी, केलेली कृती नंतर, मालाचं नुकसान विचारलं तरच. चॅनेलला बाईट, म्हणजे बातमीत दाखवायचा बोलण्याचा तुकडा, लागतो १५-२० सेकंदांचा, हे तेवढ्यात बसतं.

आकड्यांचंही तसंच. पुराच्या वेळी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पातळी सांगताना सांगलीत 'पाणी वाढतंय' एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका, हे इथे शाळकरी पोरालाही पाठ. किती फूट आणि किती वाजता, हे लोक विचारतातच. संस्थेचा आकडा सांगतानाही तीच शिस्त हवी: आकडा, एकक, वेळ आणि मोजला कुणी. यातली एक गोष्ट सुटली तर पुढचे तीन प्रश्न तिच्यावरच येतात.

प्रश्न आधी द्यायला हवे होते, हे मात्र पटत नाही. विषय आठ दिवस आधी दिले होते. प्रश्न दिले की उत्तरं पाठ होतात, आणि पाठ केलेलं उत्तर प्रश्नातला एक शब्द बदलला तरी तुटतं. माणूस आठवायला लागतो, ऐकायचं थांबतो. आमच्या यादीत ४० प्रश्न असतात: साधारण १० माहितीचे, २० अडचणीचे, १० विषयाबाहेरचे. अडचणीचे प्रश्न आम्ही मनाने रचत नाही. संस्थेचा वार्षिक अहवाल, लेखापरीक्षकांचे शेरे, वर्षभराची कात्रणं आणि लोकांच्या पोस्ट यांतूनच ते निघतात, आणि खरा पत्रकारही तेच वाचून येतो.

आपण लिहिलं आहे, 'उत्तर झाल्यावरही प्रश्नकर्ता नुसता बघत बसला, हा अपमान आहे.' ते मुद्दाम केलेलं होतं. उत्तर संपल्यावर विचारणारा तीन-चार सेकंद गप्प राहिला की समोरच्याला ती शांतता सोसत नाही, तो एक वाक्य जास्तीचं बोलतो आणि बातमी त्याच वाक्याची होते. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात तेलविहिरीवरच्या स्फोटात ११ कामगार गेले. नंतर बीपी या तेल कंपनीचे तेव्हाचे प्रमुख टोनी हेवर्ड लोकांची माफी मागताना पुढे म्हणून गेले, 'मला माझं आयुष्य परत हवंय.' माफी बाजूला पडली. उत्तर झालं की ओठ मिटून प्रश्नासाठी वर झालेल्या पुढच्या हाताकडे बघायचं, हे वाचून जमत नाही. ते चार वेळा चुकूनच जमतं, आणि त्या चुका बंद खोलीत झालेल्या बऱ्या.

सध्या नोकरीत असलेले पत्रकार का नव्हते, असंही आपण विचारलं आहे. सरावात ऐकलेली गोष्ट बातमीची निघाली तर त्यांनी काय करायचं? त्यांना त्या पेचात टाकायचं नाही, म्हणून आम्ही निवृत्त बातमीदार आणि उपसंपादक बोलावतो.

पुढचं असं. खराब रेकॉर्डिंगच्या बदल्यात दोन तासांचं सत्र विनाशुल्क घेऊ, तारीख आपण सांगा. चार फेऱ्या होतील, तीनच माणसं असतील, पंखा बंद असेल, आणि प्रत्येक फेरीनंतर फळा पुसला जाईल. रेकॉर्डिंग त्याच दिवशी पेनड्राइव्हवर हातात देऊ. साहेबांना ते आधी आवाज बंद करून बघायला सांगा, नंतर चित्र न बघता ऐकायला. हाताची चुळबुळ आणि 'म्हणजे काय आहे की' वेगवेगळे सापडतात. येताना आकड्यांचा एकच कागद आणावा, मोठ्या अक्षरात, एका बाजूला छापलेला. फिरती खुर्ची आमच्याकडून काढून ठेवू.