टास्मानियाची मुंबईकरीण

परवा कट्ट्यावर नेहमीसारखंच कुणाच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट कुठे अडलंय ते सुरू होतं, तेवढ्यात बंड्याने पिशवीतून 'क्वीनी' काढली. माइकल कोर्डाची कादंबरी, 1985 ची, फाउंटनच्या फुटपाथवरून उचललेली, पानं पार पिवळी. शिल्पाची आणि माझी आधीच वाचून झालेली. सरांनी "चाळली" होती, आणि सर एखादं पुस्तक नुसतं चाळलं की त्यावर तासभर बोलू शकतात, पूर्ण वाचलं की मात्र गप्प होतात, असा आमचा अनुभव आहे.

"हॉलिवूडची नटी मर्ल ओबेरॉनच ना ही?" पक्याने विचारलं.

"नावं बदललीयत, बाकी तीच."

झालं. सरांनी चहाचा ग्लास उंच धरला. "बघा, जन्म मुंबईचा, 1911 चा. वाढली कलकत्त्यात. आणि बाई जगाला काय सांगते, तर मी ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाची! कागदपत्रं कुठायत, तर म्हणे आगीत जळाली!"

"मंत्रालयात ठेवली असतील," पक्या.

"हसू नका. लंडनला घरी पाहुणे आले की स्वतःच्या आईला मोलकरीण म्हणून पुढे करायची. मातृद्रोह आहे हा! मातृद्रोह!" दुसऱ्या मातृद्रोहाला चहा बंड्याच्या पँटवर.

शिल्पा इतका वेळ दाणे सोलत होती. म्हणाली, "सर, ती आई नव्हतीच, आजी होती. जिला ही बहीण समजून वाढली ती खरी आई, पोर झालं तेव्हा स्वतःच पोर होती. म्हणजे लपवालपवी हिने सुरू नाही केली, ही जन्मली तीच लपवालपवीत. तुम्ही चाळलंत ना, तुमचं ते पान चिकटलेलं असणार."

सर दोन सेकंद गप्प. मग म्हणे, "तरीही. आणि ते पोर्ट्रेट?"

हे मात्र खरंच अंगावर येतं. शार्लट, म्हणजे ही आजी, 1937 ला गेली, आणि पुढे ओबेरॉनने तिचं चित्र काढून घेतलं तर त्यात कातडीचा रंग उजळ करून घेतला. आणि ते चित्र घरात भिंतीवर लावलं. मला तर वाटतं कोर्डाने अख्खी कादंबरी या एका चित्रावर लिहायला हवी होती, त्याने भलतीकडेच मसाला भरलाय.

"हो, आणि आपल्याकडे काय करतात?" शिल्पा म्हणाली. "तुमच्या भाच्याच्या बायोडेटातला फोटो मी पाहिलाय सर. मुलगा एकदम काश्मीरचा."

सर म्हणाले तो लायटिंगचा प्रश्न होता.

"हिचापण लायटिंगचाच होता!" शिल्पाने दाणे खाली ठेवले. "अॅक्सिडेंट झाला, तोंडावर व्रण आले, तर कॅमेऱ्याच्या लेन्सशेजारी लावायचा एक दिवा कॅमेरामनने हिच्यासाठी बनवला. त्याला अजून ओबी म्हणतात. पुढे लग्नही केलं त्याच्याशी. पण सर, मला सांगा, खरं बोलून ती काय करणार होती? 1923 ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंड नावाच्या पंजाबी माणसाला सांगितलं की तू गोरा नाहीस, नागरिकत्व मिळणार नाही. ते 1946 ला बदललं. वर हॉलिवूडचा नियम, पडद्यावर गोऱ्याकाळ्यांचं प्रेम दाखवायचं नाही. ही 'डार्क एंजल'साठी 1935 ला ऑस्करच्या नॉमिनेशनला गेली ती गोरी म्हणूनच. खरं बोलली असती तर फार तर हिरोईनच्या मागे पंखा हलवत उभी राहिली असती."

"आणि 1939 चा 'वुदरिंग हाइट्स'," मी म्हटलं, "काळा म्हणून हिणवलेला हीथक्लिफ झाला लॉरेन्स ऑलिव्हिए, आणि गोऱ्या घरातली कॅथी झाली ही."

"आणि गोरा कोण दिसला? दोघंही," शिल्पा. "याला म्हणतात काम चोख करणं."

"पण आपली नटी हंसा वाडकर बघा," सर आता घरच्या पिचवर आले, "आत्मचरित्रात 'सांगत्ये ऐका' म्हटलं आणि सगळं सांगून टाकलं. दारू, पुरुष, सगळं. याला धैर्य म्हणतात."

"'सांगत्ये ऐका' माझी आहे," पक्या एकदम बंड्याकडे वळला, "तू नेलीस, तुझ्या लग्नाआधी."

"दिली की परत."

"कव्हर दिलंस."

या भानगडीत बराच वेळ गेला. मधे कुणीतरी उसळपाव मागवला. शिल्पा मात्र मुद्दा सोडेना. तिचा राग ओबेरॉनवर नाहीच, कोर्डावर आहे. हंसाबाईंनी स्वतः सांगितलं, अरुण साधूंनी लिहून घेतलं. इथे सांगणारा कोण, तर ओबेरॉनचा नवरा अलेक्झांडर कोर्डा याचा पुतण्या, म्हणजे ही त्याची काकू. "घराण्याच्या आठवणी लिहिल्या तेव्हा काकू केस करेल म्हणून हे सगळं गाळलं. काकू 1979 ला गेली आणि सहा वर्षांत कादंबरी हजर, लगेच टीव्हीवर मालिका. काकू असेपर्यंत वकिलाची भीती, गेल्यावर साहित्यसेवा."

सर म्हणाले, लेखकाचं स्वातंत्र्य असतं. शिल्पा म्हणाली, काकूचं नसतं का.

मग मी नादियाचं काढलं. 'हंटरवाली'वाली. ती ऑस्ट्रेलियात जन्मलेली, पर्थची मेरी अॅन एव्हान्स, आणि 1935 ला मुंबईच्या पडद्यावर चाबूक घेऊन उभी. त्याच वर्षी मुंबईची पोरगी तिकडे ऑस्ट्रेलियाची म्हणून ऑस्करच्या यादीत.

"एक्सचेंज ऑफर," पक्या.

"नुकसान त्यांचंच. टास्मानियातल्या होबार्टला 1978 मध्ये ओबेरॉनचा एवढा सत्कार ठेवला, तर बाई बरं वाटत नाही म्हणून निघूनच गेली," शिल्पा म्हणाली. "तिथे अजून काही लोक तिला आपलीच म्हणतात. आपल्याकडे कोण म्हणतं?"

सर म्हणाले, खोटं ते खोटंच, माणसाने आपण कुठले ते छातीठोक सांगावं. तर पक्या म्हणे, सांग बंड्या, कुठे राहतोस? बंड्या म्हणाला ठाणे. ठाणे स्टेशनला उतरतोस का? नाही. मग कुठे? तर डोंबिवली, पण जिल्हा ठाणेच ना.

तेवढ्यात बंड्याचा फोन वाजला. घरून. सगळ्यांना हाताने गप्प करत म्हणतो, "अगं ऑफिसमध्येच आहे, क्लायंट बसलाय समोर." समोर सर उसळपावचा रस्सा ग्लासातून पीत बसलेले.

"टास्मानियात आहे म्हणून सांग," शिल्पा ओरडली, आणि पलीकडे ते ऐकू गेलं.