आप्पा, कमिशनचं राहू द्या, आधी खुराकाचं बोलू

आप्पा, नमस्कार. तुम्ही नाव न टाकता 'पारोळ्याकडचा तालमीतला जुना गडी' एवढंच लिहिलंय म्हणून आप्पा म्हणतो, चालेल ना.

तुमची कमेंट काल रात्री वाचली आणि खरं सांगू का, झोप उडाली. मी लेखात एवढंच म्हटलं होतं की निरोगी माणूस व्यायाम करत असेल आणि जेवणातून प्रोटीन पुरत नसेल तर प्रोटीन पावडर घ्यायला हरकत नाही, उपयोगच होतो. त्यावर तुम्ही लिहिलं की हा लेख कमिशन खाऊन लिहिलाय, पावडरनं किडन्या जातात, भाच्याला मुतखडा झाला, डब्यात भेसळ असते, सरकारी संस्थाच नको म्हणते, आणि मग ते वाक्य, ज्याला खाली धडाधड लाईक पडले: 'खाशाबांनी 1952 ला हेलसिंकीत मेडल आणलं ते कुठला डबा पिऊन? आमच्या तालमीत कळण्याची भाकर आणि दूध होतं, आत्ताच्या पोरांना पीठ पाण्यात कालवून पैलवान व्हायचंय.'

पहिलं कमिशनचं. आप्पा, तुम्ही वयानं मोठे आहात, मतभेद असू शकतात, पण ओळख ना पाळख आणि एकदम दलाल? लेखात मी एकाही कंपनीचं नाव घेतलेलं नाही, कुठली लिंक नाही, कुठला कूपन कोड नाही. तरी दलाल. मीही उलट विचारू शकतो की तुमचा म्हशींचा गोठा आहे का म्हणून दुधाची एवढी बाजू घेताय? नाही विचारत, कारण तसं बोलायची आमच्या घरची पद्धत नाही.

महाग असते हे मात्र तुमचं शंभर टक्के मान्य. बऱ्यापैकी पावडर किलोला दोन-तीन हजारांच्या खाली मिळत नाही आणि शेतमजुराच्या पोरानं घरात उधारी करून ती घेऊ नये. सोयाबीनच्या वड्या 100 ग्रॅमला 50 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन देतात, किंमत अगदी किरकोळ. हेही लेखात होतं, तुम्ही तिथपर्यंत पोचले नसाल.

आता तालमीचं. पैलवानाचा खुराक काय होता ते तुम्हीच सांगा. सकाळ-संध्याकाळ मिळून दोन लिटर म्हशीचं दूध, थंडाईत वाटलेले बदाम, तूप, आणि ज्यांच्यात चालायचं त्यांना मटण. दोन लिटर म्हशीच्या दुधात सत्तर ग्रॅमच्या वर प्रोटीन जातं आप्पा, वर बदाम मूठभर. म्हणजे तुमचा पैलवान घरच्या भाकरीवर भागवत नव्हताच, तो वरून प्रोटीन घेतच होता, फक्त तांब्यातून घेत होता. आणि ज्याला तुम्ही पीठ म्हणता ते व्हे म्हणजे काय, तर चीज करताना दूध फाडलं की जे पिवळट पाणी उरतं ते गाळून, त्यातली साखर आणि चरबी बरीचशी काढून वाळवलेलं. दुधाचंच पोर आहे ते. खाशाबांना मधे आणलंत म्हणून सांगतो, त्या माणसाबद्दल मला तुमच्याइतकाच आदर आहे, पण त्यांच्या काळी डबा नव्हता म्हणून डबा वाईट असं होत नाही, तेव्हा गादीवरच्या कुस्तीचा सरावही आपल्याकडे नीट मिळत नव्हता, मग गादीही वाईट का?

आणि कळण्याच्या भाकरीवर मला कोणी शिकवू नये, प्लीज. मी अमळनेर तालुक्यातला आहे, ज्वारी-उडदाचं कळणं, वर ठेचा आणि कच्चं तेल, ह्याच्यावर वाढलोय. उडीद आहे म्हणून नुसत्या ज्वारीपेक्षा ती भाकर चांगलीच. पण हिशोब करा. एका भाकरीत आठ-नऊ ग्रॅम. तीन भाकरी, दोन वाट्या वरण, एक ग्लास दूध, मूठभर शेंगदाणे, सगळं ओढून ताणून पन्नास-पंचावन्न होतं. साधं बसून काम करणाऱ्या 65 किलोच्या माणसाला तेवढं पुरतं, त्याला किलोमागे 0.83 ग्रॅम सांगतात. पण जो रोज वजन उचलतो, पळतो, त्याच्यासाठी खेळाच्या आहारावर काम करणारे लोक 1.4 ते 2 ग्रॅम म्हणतात, 1.6 धरलं तरी 104 ग्रॅम झाले. उरलेले पन्नास आणायचे कुठून? भरीत खाऊन? वांग्यात काय आहे आप्पा, पाणी!

मी हे पुस्तकातून बोलत नाही. आमचं घर माळकरी, अंडं उंबऱ्याच्या आत येत नाही. पोलीस भरतीची तयारी करत होतो, पहाटे ग्राउंडला 1600 मीटर, मग 100 मीटर, मग गोळाफेक. पळण्यात ठीक होतो पण गोळा काही केल्या जात नव्हता, अंग भरतच नव्हतं, दोन-दोन दिवस मांड्या दुखायच्या. ग्राउंडवरच्या एका सीनियरनं सांगितलं म्हणून रोज पावडरचा एक स्कूप (डब्यातला मापाचा चमचा) सुरू केला, म्हणजे साधारण 24 ग्रॅम प्रोटीन, बाकी जेवण घरचंच. त्या सीझनला गोळा गेला. व्यायाम तोच, ग्राउंड तेच, मग फरक कशानं पडला? (भरतीत लेखीला राहिलो, तो विषय वेगळा.) आजही घेतो, किडनीचे रिपोर्ट नॉर्मल आहेत, कुणाला बघायचे असतील तर घरी या, चहा पण पाजतो.

किडनीचं थोडक्यात. ज्याची किडनी आधीच कमजोर आहे त्याला डॉक्टर प्रोटीन कमी करायला सांगतात, त्यानं पावडरीला हात लावू नये, आणि शुगर-बीपीवाल्यांनी आधी तपासणी करावी, हे लेखात ठळक अक्षरात होतं. निरोगी माणसाची किडनी एवढ्या प्रोटीननं खराब होते असं अभ्यासात दिसलेलं नाही. अंगावर मांस जास्त असेल किंवा पोरगं क्रिएटिन (ताकदीसाठी घेतात ती वेगळी पावडर) घेत असेल तर क्रिएटिनिन, म्हणजे रक्ताच्या रिपोर्टमधला किडनीचा आकडा, जरा वर दिसतं, आणि तेवढा एक आकडा बघून घरात रडारड सुरू होते. आणि भाच्याचं म्हणाल तर, आपल्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, अशात दिवसभरात दोन ग्लास पाणी पिणाऱ्याला पावडर न घेताही मुतखडा होतो हो! तुम्ही पावडर आणि जिममधली इंजेक्शनं एकाच पोत्यात भरलीत तेही चुकीचं आहे, ती इंजेक्शनं हार्मोनची असतात, दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही.

भेसळ असते, बरोबर. 2024 मध्ये केरळच्या डॉक्टरांनी भारतात विकली जाणारी 36 उत्पादनं तपासली, त्यातल्या जवळपास 70 टक्क्यांवर प्रोटीनचा आकडा लेबलप्रमाणे नव्हता. पण भेसळ दुधातही होते, खव्यातही होते, म्हणून दिवाळीला पेढे बंद केलेत का तुम्ही? नाही ना.

राहिली सरकारी संस्था. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 च्या मार्गदर्शक पुस्तिकेत शरीर कमावण्यासाठी अशी सप्लिमेंट टाळा असं म्हटलंय, मला माहीत आहे, मी वाचलंय. त्यावर सवडीनं वेगळं लिहीन, इथे जागा नाही.

तुमची कमेंट मी उडवलेली नाही, उडवणारही नाही. फक्त 'दलाल' शब्द तेवढा काढा. आणि भाच्याला सांगा की मुतखड्याचा रिपोर्ट डॉक्टरला दाखव, मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नको, आज सकाळपासून तीनदा आलाय.