सभा गाजवायचीय? मग मुद्दा घरी ठेवून या

तिकीट मिळालं का? अभिनंदन. नसेल मिळालं तर अपक्ष फॉर्म भरा, भाषणाच्या दृष्टीने काही फरक पडत नाही. पहिलं काम काय करायचं, ते रात्री जागून लिहिलेलं भाषण, ज्यात ड्रेनेज लाईनचा खर्च आणि पाण्याच्या टाकीची क्षमता वगैरे लिहिलीय, ते कपाटात ठेवून कुलूप लावा. लोक सभेला माहिती घ्यायला येत नाहीत हो. निम्मे आपलेच असतात, त्यांचं मत कधीच ठरलेलं, काही जण काल समोरच्याच्या सभेलाही हजर होते आणि उरलेले रस्ता मंडप घालून अडवल्यामुळे अडकलेत. यातल्या कोणाला पटवायचंय तुम्हाला?

सुरुवात नावांनी करा. मान्यवर, सन्माननीय, आमचे मार्गदर्शक, युवकांचे आशास्थान, सगळी घ्या, अर्धा तास गेला तरी चालेल पण एकही गाळू नका. भाषण ऐन रंगात आलेलं असतं आणि मागून एक हात पुढे येतो, बोटांत चुरगळलेली चिठ्ठी, त्यावर फक्त "आबा राहिले". तिकडे आबा खुर्चीत मोबाईल बघायचं नाटक करतायत. तेव्हा मुद्दा जिथे असेल तिथे तोडायचा आणि आबांना घ्यायचं, कारण मुद्द्याला मत नसतं, आबांच्या गल्लीत आहेत. बाळासाहेबांसारखं "जमलेल्या माझ्या तमाम" एवढं म्हटलं की शिवाजी पार्क दणाणलं असं आपलं होणार नाहीये, त्याच्यामागे कितीतरी वर्षांचे दसरे होते, तेव्हा तो आवाज काढायचा मोह टाळा, शाळेच्या गॅदरिंगमधली नक्कल वाटते.

मग प्रश्न विचारायचे. "मला सांगा, नळाला पाणी येतं का?" नाहीऽऽ. "रस्त्यावर खड्डे आहेत का नाहीत?" आहेतऽऽ. बघा, तुम्ही अजून काहीच बोलला नाहीत आणि पब्लिक तुमच्याशी सहमत झालं! मात्र प्रश्न कायम हो-नाहीचाच हवा. "किती वर्षं झाली?" असं चुकूनही विचारू नका, मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणतं, "भाऊ, गेल्या टर्मला तुम्हीच होता ना".

तक्रारी नेहमी तीन. "रस्ता नाही, पाणी नाही, आणि..." इथे थांबा. पाण्याची बाटली उचला, बूच उघडा, एक घोट घ्या, बूच लावा, सावकाश. "...यांना लाज नाही!" तिसरी गोष्ट महापालिकेच्या अखत्यारीत येते का हे कोणी विचारत नाही. शिट्ट्या मारणारी पोरं पुढच्या रांगेत एकत्र बसवू नका, चार कोपऱ्यांत पेरा. एका जागेवरून टाळी आली की कार्यकर्ते वाटतात, चार कोपऱ्यांतून आली की लाट वाटते.

आश्वासन देताना क्रियापद दणकट पाहिजे. "आम्ही कराराचा फेरविचार करू" याला कोण टाळी देणार? १९९५ च्या प्रचारात गोपीनाथ मुंडेंनी एन्रॉन कंपनीचा दाभोळचा वीजप्रकल्प अरबी समुद्रात बुडवायची भाषा केली, आणि काय दाद मिळाली महाराष्ट्रात! त्यांचं सरकार आलं, प्रकल्प रद्दही झाला आणि १९९६ मध्ये नव्याने वाटाघाटी होऊन पुन्हा चालूही झाला. पण लोकांच्या लक्षात बुडवणंच राहिलं. वाटाघाटींवर घोषणा बनत नाही राव. आणि पैशाचा आकडा सांगायचा तर समोरच्यापेक्षा मोठा सांगा. २०२४ ला लाडक्या बहिणींना महिन्याला १५०० रुपये चालू होते, महायुती २१०० म्हणाली, महाविकास आघाडी ३००० म्हणाली. पैसे कुठून येणार हे भाषणात नसतं, तो अर्थसंकल्पाचा विषय आहे आणि तेव्हा माईक तुमच्या हातात नसतो.

पाऊस आला तर नशीब समजा, छत्री धरणाऱ्याला हाकला. १८ ऑक्टोबर २०१९, सातारा, ७८ वर्षांचे शरद पवार भिजत उभे राहिले आणि बोलत राहिले, आणि त्यांचे उमेदवार श्रीनिवास पाटील लोकसभेची पोटनिवडणूक जिंकले. त्या भाषणात त्यांनी लोकसभेला उमेदवार निवडताना आपली चूक झाली असं भर सभेत कबूल केलं होतं, म्हणजे खरं तर राजकारणातली दुर्मिळ गोष्ट तीच होती, पण फोटो कशाचा गाजला? पावसाचा. तुमच्या तारखेला ऊन असेल तर घाम चालेल, फक्त तो रुमालाने पुसू नका, उपरण्याने पुसा.

आता काही भोळी माणसं म्हणतील की पुरावे दाखवले तर लोक ऐकतात. त्याचाही प्रयोग झालाय. २०१९ च्या लोकसभेला राज ठाकरे "लाव रे तो व्हिडिओ" म्हणायचे, पडद्यावर आधी मोदी सरकारचा एक दावा, मग त्याच गावातली खरी परिस्थिती, मैदानं भरलेली, लोक खिळलेले, आपण पण घरी बसून प्रत्येक सभा बघितली, इतकी मजा यायची. त्यांच्या पक्षाचा एकही उमेदवार उभा नव्हता आणि निकाल लागला तेव्हा ४८ पैकी ४१ जागा भाजप-शिवसेना युतीच्या! तेव्हा प्रोजेक्टरचं भाडं वाचवा, नाहीतरी ते खर्चाच्या हिशेबात दाखवावं लागतं.

त्यापेक्षा एक छोटी ओळ पकडा आणि ती सोडू नका. २०१९ ला फडणवीसांच्या "मी पुन्हा येईन" वर लोकांनी इतके मीम केले, पहाटेचा शपथविधी झाला आणि चौथ्या दिवशी राजीनामा आला तेव्हा तर हसून हसून मेले, पण ती ओळ पाच वर्षं जिवंत ठेवली कोणी? हसणाऱ्यांनीच. डिसेंबर २०२४ ला फडणवीस पुन्हा मुख्यमंत्री झालेच की. विरोधक फुकटात पाठ करतील अशी ओळ शोधा, पोस्टरचा खर्च वाचतो.

राहता राहिला वेळ. सात म्हणजे साडेनऊ. रात्री दहाला माईक बंद करावा लागतो, त्याचं तर सोनं करता येतं. २०२२ मध्ये राजस्थानात आबू रोडला पंतप्रधान पोचले तेव्हा दहा वाजून गेले होते, त्यांनी माईक न वापरता नियमाचं कारण सांगितलं आणि स्टेजवर गुडघे टेकून नमस्कार केला. बातमी झाली. म्हणजे बघा, नियम पाळल्याचं कौतुकही मिळालं आणि लोक किती तास ताटकळले हा विषयच निघाला नाही. एवढं जमलं तर भाषणही पाठ करायला नको.

आणि निवडून आल्यावर कोणी तुमचाच जुना व्हिडिओ तुमच्यासमोर धरला तर घाबरायचं नाही. आधी व्हिडिओ अर्धवट आहे म्हणा. त्याने पूर्ण दाखवला तर माझ्या विधानाचा विपर्यास केला म्हणा. तरीही ऐकेना तर त्याच्या गल्लीतल्या आबांना फोन लावा.