चाक, नग एक

कालपासून डोकं तापलंय, म्हणून लिहून टाकतो.

ट्रॅक सायकलला, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर चालवायच्या सायकलला, मागं डिस्क चाक लावायचं म्हणून पुण्यातल्या एका दुकानात गेलो होतो. डिस्क म्हणजे स्पोक नाहीत, दोन्ही बाजूंनी कार्बनचा सलग पत्रा. बालेवाडीचा वेलोड्रोम, म्हणजे ती धावपट्टी, उघड्यावर, त्यामुळं पुढं डिस्क नको, बाजूचा वारा हॅन्डल हिसकतो. पुढं खोल रिमचं चाक आणि मागं डिस्क, इथवर दुकानदाराचं आणि माझं छान जमलं होतं.

तेवढ्यात व्हॉल्व्ह ट्यूब, म्हणजे व्हॉल्व्हवरची रबरी नळी, घ्यायला आलेले एक आजोबा मधे आले. त्यांनी चाकावर बोटाच्या पेरानं टकटक केलं.

"पोकळ आहे. केवढ्याला?"

दुकानदारानं आकडा सांगितला. आजोबांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"स्पोकनं काय वाकडं केलं तुमचं?"

मी म्हटलं, स्पोक हवा घुसळतात. चाकाचा वरचा भाग सायकलीच्या दुप्पट वेगानं पुढं जात असतो.

"आणि खालचा?"

"जमिनीला टेकतो तिथं शून्य."

"म्हणजे सरासरी बरोबर सायकलीएवढीच. मग तक्रार कसली?"

सरासरीनं चालत नाही हो, हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, असं मी सांगितलं. वर्ग म्हटल्यावर म्हातारा गप्प बसेल ही आशा.

"वर्गाच्या पटीत?" आजोबांचा चेहरा उजळला. "अहो, मग थोडं सावकाश जा! केवढा विरोध वाचेल!"

दुकानदार हसला. गिऱ्हाईक मी होतो, आणि हसला तो त्यांच्या बाजूनं.

मग मी मोझरला मैदानात उतरवलं. जानेवारी १९८४, मेक्सिको सिटी. इटलीच्या फ्रान्चेस्को मोझरनं डिस्क चाकांवर तासाभरात ५१.१५१ किलोमीटर मारले. त्या महिन्याआधी तासाला पन्नासच्या पुढं कुणी गेलं नव्हतं.

"मेक्सिको सिटी म्हणजे सव्वादोन हजार मीटर उंची," आजोबा म्हणाले. "भूगोल शिकवलाय मी. तिथं हवाच विरळ! चाकाचं कसलं कौतुक? तुम्ही आपले महाबळेश्वरला जा. एसटीनं जा, स्वस्त पडेल."

संताप याचा, की उंचीचा फायदा मोझरला झाला होता हे खरंच आहे. पण ते आजोबांनी का सांगावं? आणि दोन रुपयांच्या नळीची वाट बघत उभं राहून का सांगावं?

"ब्रेक कुठाय हो याला?"

"ट्रॅक सायकलला ब्रेक नसतो. फ्रीव्हीलही नसतं. चाक फिरतंय तोवर पाय फिरतात."

"घरी कोण कोण असतं?"

इथं दुकानदाराला कंठ फुटला. हवेचा सगळ्यात जास्त विरोध चाकाला नाही, माणसाच्या अंगाला होतो, असं तो म्हणाला. मग दोघांनी मिळून माझ्या शर्टाच्या खालच्या तीन बटणांकडं पाहिलं. हे मलाही ठाऊक आहे. आरसा आहे घरी.

शेजारचा माणूस कर्ज काढून एवढी थोरली गाडी घेतो, ती सोसायटीच्या फाटकातून वळत नाही, आणि लोक पेढे खातात. लग्नात एका रात्रीच्या रोषणाईला लाखभर रुपये जातात, तिथं कुणी मांडवाला टकटक करून "पोकळ आहे" म्हणत नाही. पण चाळिशीतल्या माणसानं स्वतःच्या पैशानं एक चाक घ्यायचं म्हटलं, तर अख्ख्या गावाला हिशेब द्यायचा. अर्धा सेकंद वाचवून करणार काय, हा प्रश्न क्रिकेटची तिकिटं काढणाऱ्याला विचारलाय कधी कुणी?

आजोबा नळी घेऊन गेले. जाताना "हवा मात्र भरत जा हो वेळेवर" हेही सांगून गेले.

मी हट्टानं ॲडव्हान्स भरला. मागचा हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, १२० मिलिमीटरचाच आहे ना, हे दुकानदारानं दोनदा विचारलं, कारण बसलं नाही तर तो परत घेणार नाही. पावतीवर त्यानं लिहिलं, 'चाक, नग एक.' निदान कार्बन तरी लिहा म्हटलं, तर म्हणाला, "रकान्यात जागा नाही."